बीएमडब्ल्यूची बॅटरी बदलली आणि रजिस्टरही करून घेतली : कुर्ल्याच्या दुकानाचा अनुभव

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकते. काम एक नंबर, वेळ पाळण्यात कच्चे, आणि पक्क्या बिलासाठी थोडं मागे लागावं लागतं. तरी पुढच्या वेळी मी यांनाच बोलावणार, कारण बॅटरी विकणारे मुंबईत गल्लोगल्ली आहेत पण बॅटरी बसवल्यावर ती गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये रजिस्टर करून, म्हणजे बॅटरी नवी आहे हे कॉम्प्युटरला सांगून, तो स्क्रीन आपल्याला दाखवून मगच पैसे घेणारे फार कमी आहेत. दुकान कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचं आहे, घरी येऊन काम करतात. नाव टाकत नाहीये, कारण कामात काय बघायचं ते एकदा कळलं की तुमच्या भागातला असा माणूस तुम्हीच ओळखाल.

गाडी माझी सेकंड हँड ३२०डी, एफ३० मॉडेल. मी चेंबूरला राहते, ऑफिस बीकेसीत, म्हणजे रोजचं अंतर अगदीच थोडं आणि त्यातलं निम्मं सिग्नलला उभं राहण्यात जातं. बॅटरीसाठी याहून वाईट वापर नाही, कारण स्टार्टरने जेवढा करंट खाल्ला तो भरून निघायच्या आत गाडी परत बंद होते. गेले काही महिने ऑटो स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद होऊन परत चालू होणं) चालतच नव्हतं, मला वाटायचं एसी फुल असल्यामुळे असेल. मग इंजिन बंद करून गाणी ऐकत बसलं की थोड्या वेळात स्क्रीनवर ‘इन्क्रीज्ड बॅटरी डिस्चार्ज’ असा मेसेज यायला लागला, आणि एके सकाळी स्टार्टर इतका जड फिरला की आता उशीर नको असं ठरवलं. आमच्या सोसायटीत एकावर एक गाड्या ठेवायचं स्टॅक पार्किंग आहे. तिथे गाडी खालच्या खणात मेली तर वरच्या गाडीवाल्याचीही सकाळ जाते, आणि टोईंगवाल्याला आत शिरायला जागाच नाही. शिवाय या गाडीत बॅटरी असते बूटमध्ये, म्हणजे मागच्या डिकीत, आणि बूटचं कुलूप चालतं करंटवर, म्हणजे बॅटरी पूर्ण बसली की बॅटरीपर्यंतच पोचता येत नाही, मग बॉनेटखाली जंप-स्टार्टसाठी जे लाल झाकणाचं टर्मिनल दिलेलं असतं तिथून करंट द्यावा लागतो. हे ज्यांना माहीत नाही त्यांनी आजच बॉनेट उघडून ते बघून ठेवा.

मग फोनाफोनी. घरपोच बॅटरी देणाऱ्या एका सर्विसचा माणूस म्हणाला, ‘मॅडम रजिस्ट्रेशन वगैरे काही लागत नाही, मेमरी बॅकअप लावून बदलतो, घड्याळ पण जाणार नाही.’ घड्याळ जाणार नाही हे खरं, पण मेमरी बॅकअप (बॅटरी बदलताना बाहेरून करंट देऊन सेटिंग्ज टिकवणं) आणि रजिस्ट्रेशन या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत आणि ग्राहकाला त्या एकच म्हणून सांगणं मला अजिबात पटत नाही. एका मोठ्या वर्कशॉपने सगळं बरोबर सांगितलं, पण गाडी तिथे सोडायची आणि दुसऱ्या दिवशी न्यायची, कोटेशनही बरंच वरचं. कुर्ल्यावाल्यांनी मात्र फोनवरच तीन प्रश्न विचारले, आत्ता कुठल्या टाईपची बॅटरी आहे, किती एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे क्षमता) आहे, आणि शेवटची बदलली तेव्हा रजिस्टर केली होती का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं पण तो प्रश्न ऐकूनच मी यांना हो म्हटलं.

आता हे रजिस्ट्रेशन का लागतं ते थोडक्यात. जुन्या साध्या गाडीत अल्टरनेटर साधारण एकाच व्होल्टेजने चार्ज करत राहायचा, बॅटरी नवी का जुनी त्याला काही देणंघेणं नव्हतं. या गाड्यांमध्ये बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवरच एक छोटा सेन्सर बसवलेला असतो, आयबीएस म्हणतात त्याला, तो करंट, व्होल्टेज आणि तापमान सतत मोजतो आणि इंजिनच्या कॉम्प्युटरला पाठवतो, आणि कॉम्प्युटर ठरवतो की कधी चार्ज करायचं आणि किती. ब्रेक मारताना किंवा एक्सलरेटर सोडल्यावर फुकटची वीज मिळते तेव्हा जास्त चार्ज करायचं, म्हणून बॅटरी मुद्दाम पूर्ण भरत नाहीत, थोडी जागा ठेवतात. आणि बॅटरी जसजशी म्हातारी होते तसा हा सगळा हिशोबही बदलत जातो. आता तुम्ही बॅटरी नवी टाकली आणि सांगितलंच नाही, तर गाडी जुनाच हिशोब धरून बसते, आजारी माणसाचं पथ्यपाणी धडधाकट माणसाला चालू ठेवल्यासारखं. गाडी चालते, काही बंद पडत नाही, म्हणून तर लोकांना वाटतं की काही फरक पडत नाही, पण वीस-पंचवीस हजारांची बॅटरी वेळेआधी संपते. आणि टाईप किंवा क्षमता बदलली असेल, म्हणजे ९० च्या जागी ८०, किंवा एजीएमच्या (ॲसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषून ठेवलेली बंदिस्त बॅटरी) जागी साधी, तर नुसतं रजिस्टर करून भागत नाही, कोडिंगही, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये भरलेला बॅटरीचा टाईप आणि क्षमताही, बदलावं लागतं.

बॅटरी बघायला दोघं जण आले. सांगितलेल्या वेळेपेक्षा पार दोन तास उशिरा, त्याबद्दल पुढे बोलते. पण आल्या आल्या त्यांनी पाना काढला नाही, आधी मोजमाप केलं, आणि हे मला फार आवडलं. टेस्टर लावून बॅटरीची ताकद बघितली, ती लेबलवर लिहिलेल्या आकड्याच्या निम्म्याच्याही खाली होती. इंजिन चालू करून अल्टरनेटर तपासला, तो ठीक. मग गाडी झोपल्यावर किती करंट खाते ते बघायचं होतं. त्यासाठी बूट उघडा हवा पण गाडीला तो बंद वाटला पाहिजे, तर त्यातल्या मोठ्या दादांनी स्क्रू-ड्रायव्हरने बूटच्या लॉकची खिट्टी खाली पाडली, गाडी लॉक केली, क्लॅम्प मीटर (वायर न तोडता करंट मोजणारा चिमटा) वायरभोवती अडकवला आणि आम्ही नुसते बघत उभे. सुरुवातीला अँपिअरमध्ये आकडा होता, मग एकेक कॉम्प्युटर झोपत गेला तसा तो पायऱ्या उतरल्यासारखा खाली आला आणि बऱ्याच वेळाने ५० मिलिअँपिअरच्या आत येऊन थांबला. म्हणजे गाडीत कुठे चोरून करंट जात नव्हता, दोष बॅटरीचाच. हे न बघता नवी बॅटरी टाकली असती आणि आत कुठे लीकेज असतं तर नवीनही काही महिन्यांत बसली असती.

जुनी बॅटरी बाहेर काढल्यावर खरी गोष्ट कळली. आधीच्या मालकाने तिथे एजीएम ऐवजी साधी ८० एएचची टाकली होती. बॅटरी बूटमध्ये, म्हणजे माणसं बसतात त्याच डब्यात, म्हणून तिचा गॅस बाहेर सोडायला एक बारीक नळी असते, ती बॅटरीला जोडलेलीच नव्हती, ट्रेमध्ये नुसती पडून होती आणि ट्रेच्या कोपऱ्यात ॲसिडची पांढरी पूड जमली होती. दादांनी ती सोड्याच्या पाण्याने धुऊन पुसून कोरडी केली, मी न सांगता. मग लॅपटॉपवर गाडीची बॅटरी बदलल्याची नोंद उघडून दाखवली. प्रत्येक वेळी रजिस्टर केलं की तेव्हाचं किलोमीटर त्यात लिहिलं जातं. माझ्या गाडीची ती यादी कोरी होती! म्हणजे कॉम्प्युटर इतकी वर्षं फॅक्टरीतली ९० एएचची एजीएमच आहे असं समजून साध्या बॅटरीला एजीएमच्या हिशोबाने चार्ज करत होता. स्टार्ट-स्टॉप का चालत नव्हतं ते तिथेच उलगडलं.

नवी ९० एएचची एजीएमच घेतली, त्यामुळे कोडिंग बदलायची गरज नव्हती, फक्त रजिस्टर करायचं. बॉनेटकडून सपोर्टचा करंट लावला होता, म्हणून पॉझिटिव्हची सुटी केबल जिवंत होती, तिच्या टोकावर त्यांनी रबरी मोजा चढवून बाजूला बांधली. आधी निगेटिव्ह काढायचं, शेवटी निगेटिव्ह लावायचं. सेन्सरचा क्लॅम्प हाताने सारून बसवला, ठोकाठोकी नाही, कारण तो सेन्सर नाजूक असतो आणि तुटला तर तोच महाग पडतो. गॅसची नळी जोडली, बॅटरीची पट्टी घट्ट केली आणि मला हलवून बघायला सांगितलं. मग इग्निशन ऑन, लॅपटॉपवर ‘सेम कपॅसिटी’ निवडलं, ओके, आणि मघाच्या कोऱ्या यादीत पहिल्या ओळीत माझ्या गाडीचं त्या दिवशीचं किलोमीटर उमटलं. त्याचा फोटो मी काढून ठेवलाय, गाडी विकताना पुढच्याला दाखवायला. रात्रभर गाडी लॉक करून ठेवा, सेन्सरला शांतपणे मोजू द्या असं सांगून गेले. दुसऱ्या दिवशी काही नाही, त्यानंतर अमर महलच्या सिग्नलला इंजिन आपोआप बंद पडलं आणि ब्रेक सोडल्यावर लगेच चालू झालं, मला इतका आनंद झाला की मी शेजारी बसलेल्या मैत्रिणीला तिथल्या तिथे हे सगळं पुराण ऐकवलं.

आता तक्रारी. उशीर झाला तर फोन करावा ना, एकदाही केला नाही, मी केला तर ‘बस पोचतोच’. पहिल्यांदा साध्या कागदावर रक्कम लिहून दिली, जीएसटीचं बिल मागितल्यावर व्हॉट्सॲपवर आलं. हे मागाच, कारण वॉरंटीचा क्लेम करायची वेळ आली तर बिल आणि कार्ड दोन्ही लागतात, आणि माझ्या वॉरंटी कार्डावर बॅटरीचा नंबर होता पण तारीख लिहायची राहिली होती, ती मी समोर उभी राहून लिहून घेतली. बॅटरीवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तोही बिलात बरोबर लावलाय का बघा. एकूण साडेचोवीस हजार गेले, त्यात रजिस्ट्रेशनचे दीड हजार, जुन्या बॅटरीचे पैसे वजा करून. जुनी बॅटरी घरी ठेवू नका आणि भंगारवाल्याला तर नकोच, त्यात शिसं आणि ॲसिड असतं, आणि बॅटरी कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे ती परत गोळा करून रिसायकल करायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवर आहे, त्यामुळे दुकानदाराला देणं हाच सरळ रस्ता.

प्रत्येक गाडीला हे लागतं असं नाही. ज्या गाडीत असली देखरेख नाही तिथे कोणी रजिस्ट्रेशनचे पैसे मागितले तर देऊ नका. ऑडी, फोक्सवॅगनच्या बऱ्याच गाड्यांना बॅटरीची माहिती कॉम्प्युटरमध्ये भरावी लागते. आणि स्टार्ट-स्टॉप असलेल्या छोट्या गाड्यांनाही निदान टाईप तोच पाहिजे, ईएफबी (स्टार्ट-स्टॉपसाठी बनवलेली, साधीपेक्षा दणकट बॅटरी) असेल तर ईएफबी, स्वस्तातली साधी नाही. फोन कराल तेव्हा बॅटरी बनल्याची तारीखही विचारून घ्या, मुंबईच्या उकाड्यात गोडाऊनमध्ये महिनोन्‌महिने पडलेली बॅटरी नवी म्हणून गळ्यात मारतात. माझी चार महिन्यांपूर्वीची निघाली, तीही त्यांनी बसवायच्या आधी खोका उघडून दाखवली.