४१३० म्हणून गेटाचा पाइप गळ्यात मारला

ओहायोतल्या एका छोट्या विमानतळावर भाड्याच्या हँगरमध्ये गेली सहा वर्षं मी दोन आसनांचं विमान बांधतोय. नकाशे विकत घेतलेले, बाकी पत्रा कापण्यापासून रिव्हेट ठोकण्यापर्यंत सगळं हातानं. मूळ नकाशात तिसरं चाक शेपटीखाली आहे. तसली विमानं उतरताना जरा दुर्लक्ष झालं की गर्रकन फिरतात, आणि पन्नाशीत ते कसब शिकायची माझी तयारी नव्हती. म्हणून चाक पुढे घ्यायचं ठरवलं. इथे निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी स्वतः केलं असेल तर विमान ‘एक्स्पेरिमेंटल’ वर्गात नोंदवता येतं, मग एकेका सुट्या भागाला कुणाची मान्यता लागत नाही. ही मोकळीक फार सुखाची आहे. भामट्यांनाही ती तितकीच सुखाची आहे, हे मला ३,८०० डॉलर गेल्यावर कळलं.

मुख्य चाकं गुरुत्वमध्याच्या मागे सरकवणं मला जमलं. पुढच्या चाकाचा पाय मात्र जमेना. तेवढ्यात विस्कॉन्सिनमधल्या ऑशकोशच्या जुलैतल्या विमानांच्या जत्रेत, जेवणाच्या रांगेत, तो भेटला. ‘नोज गिअर, म्हणजे हाच पाय, मी डिझाइन करून, ४१३० या क्रोमियम-मॉलिब्डेनमच्या मजबूत पोलादात वेल्ड करून देतो’ म्हणाला. बडबड्या नव्हता. उलट त्यानंच मला विचारलं, इंजिनाचं वजन किती, टायर कुठला, प्रोपेलरचं टोक जमिनीपासून किती उंच. गंडवणारा माणूस इतके नेमके प्रश्न विचारील, असं मनातसुद्धा आलं नाही. ३,८०० डॉलर ठरले, आठ आठवड्यांचा वायदा झाला.

महिन्याभरानं पायावरच्या ताणाच्या हिशेबाचा चौदा पानांचा अहवाल आला. पायाचं चित्र निळं, हिरवं, कोपऱ्यात थोडं पिवळं. लाल, म्हणजे धोक्याचा ताण, कुठेच नाही. मी खूश. मी स्वतः इंजिनियर, पण पंचवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये घालवल्यावर रंग बघून समाधान मानायची सवय लागते. त्यातली गोम कशी कळली ते पुढे सांगतो. आधी गणितच बघा. माझं विमान भरून ६०० किलो, त्यातले साधारण ८० किलो उभं असताना पुढच्या चाकावर येतात. अहवालात भार एकच होता: ८० किलो, सरळ खाली. अमेरिकेच्या हलक्या विमानांच्या जुन्या नियमांत (२०१७ मध्ये तो भाग नव्यानं लिहिला गेला, पण घरी बांधणारे अजून तेच आकडे धरतात) या स्थिर भाराच्या सव्वादोन पट उभा भार घ्यायचा असतो. म्हणजे १८० किलो. त्यासोबत त्याच्या ०.८ पट, म्हणजे १४४ किलो, चाक मागे ओढणारा. शिवाय वेगळा हिशेब करून ०.७ पट, १२६ किलो, आडवा. पुढचा पाय बहुतेक या मागे ओढण्यानंच दुमडतो. गवती धावपट्टीवर चाक खड्ड्यात अडकतं, पाय पोटाखाली जातो आणि विमान पाठीवर पडतं. ज्या भारासाठी पाय बनवायचा, तोच भार अहवालात नव्हता.

पैसे मी मोबाइलवरून मित्राला पाठवतात तसे पाठवले, कारण तसं केल्यास त्याची तीन टक्के फी वाचणार होती. त्याची! त्या एका बटणानं तक्रारीचा माझा हक्कही गेला. आठ आठवड्यांचे सात महिने झाले. मनगट दुखावलं, वेल्डिंगचा गॅस संपला, रंगवाल्याकडे गर्दी आहे. कारणं सगळी खरी वाटावीत अशी, आणि प्रत्येक वेळी सोबत अर्धवट कामाचा एक फोटो.

शेवटी खोकं आलं. लालभडक पावडर कोटिंग, आरशासारखं. तिथेच शंका यायला हवी होती. जाड कोटिंगखाली वेल्ड दिसत नाही आणि पुढे तडा गेला तरी कळत नाही. म्हणून जाणकार असल्या जागी पातळ रंग मारतात.

शंका आली ती कोल्हापुरात. मामांचा उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथचा कारखाना. व्हिडिओ कॉलवर कौतुकानं पाय दाखवला, तर म्हणाले, “एक कोपरा खरवड आन् ग्राइंडरला लाव.” मी लावला. शेजारी इंजिन माउंटमधून उरलेला खऱ्या ४१३० ट्यूबचा तुकडा होता, तोही लावला. त्याच्या ठिणग्यांना फुलं फुटत होती, आणि काहींच्या टोकाला भाल्याच्या पात्यासारखा सुटा ठिपका. तो मॉलिब्डेनमचा. लाल पायाच्या ठिणग्या लांब, सरळ, फुलं जवळपास नाहीतच.

“पुन्यांदा लाव बघू.”

पुन्हा लावलं.

“आरं, ह्यो गेटाचा पाइप हाय. कुणी गळ्यात मारला तुझ्या? पैसं किती दिलंस?”

खरा आकडा मी सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडे गेलो. इथल्या भंगारवाल्यांकडे धातू ओळखायची क्ष-किरणांची बंदूक असते. माझ्याकडून त्यानं काहीच घेतलं नाही. ४१३० मध्ये क्रोमियम ०.८ ते १.१ टक्के हवं. बंदुकीनं ०.०४ दाखवलं. ४१३० साध्या मऊ पोलादाच्या जवळजवळ दुप्पट ताण सोसतं, त्यामुळे अहवालातला हिरवा रंगही खोटाच. सोबतच्या मिल सर्टिफिकेटवर, म्हणजे पोलाद कारखान्याच्या दाखल्यावर, हीट नंबर (पोलादाच्या ओतीचा क्रमांक) होता. ट्यूब विकणाऱ्याला फोन केला; तो नंबर खरा निघाला, पण वेगळ्याच व्यासाच्या ट्यूबचा.

मग ईएए या हौशी विमानवाल्यांच्या संघटनेच्या तांत्रिक सल्लागारांना बोलावलं. हे अनुभवी बांधणारे फुकट येऊन काम बघतात, आणि मी त्यांना बोलावत होतो ते त्या भामट्याला पैसे देऊन सात महिने झाल्यावर. पाय हातात न घेताच त्यांनी विचारलं, “मागे ओढणारा भार किती धरलाय?” तेव्हा मी अहवाल पहिल्यांदा नीट वाचला. दुसरा प्रश्न, “पाडून बघितलाय का?” जुन्या नियमांच्या सूत्रानं माझ्या विमानाला साडेअकरा इंच, म्हणजे २९ सेंटिमीटर उंचीवरून पाय आपटून बघायचा असतो. त्यानं पाडलाच नव्हता.

मी मेल केला. उत्तर आलं, “तुम्ही पाय खरवडलात, आता वॉरंटी नाही.” त्यानंतर फोन बंद. तो दुसऱ्या राज्यातला, इथल्या छोट्या दाव्यांच्या कोर्टात त्याला खेचणं जमेना; एफबीआयच्या ऑनलाइन तक्रार केंद्रात तक्रार केलीय. मधे एकानं मला विक्रीची जाहिरात पाठवली. नाव वेगळं, पण तेच चित्र, कोपऱ्यात तेवढंच पिवळं.

पाय तसाच टाकला असता तर कुणीतरी जुन्या बाजारातून उचलून विमानाला लावला असता. हॅकसॉनं त्याचे चार तुकडे केले. एका ब्लेडमध्ये झाले. त्याच भंगारवाल्यानं वजन करून ९० सेंट दिले.