रिख्तरची रॅखमॅनिनॉव्ह-चायकोव्हस्की सीडी, 'ऑल बाय मायसेल्फ' आवडत असेल तर घ्याच

सेकंडहँड मागवली होती. विकणाऱ्याने 'अगदी नवीसारखी' लिहिलं होतं पण डबी तडकलेली आणि आतलं पुस्तक गायब, त्याचा राग आलाच, डिस्कवर मात्र एकही चरा नाही. डॉयच ग्रामोफोन कंपनीची आहे, पियानोवर स्व्यातोस्लाव रिख्तर, रशियन संगीतकार रॅखमॅनिनॉव्हचा दुसरा कॉन्चेर्तो (पियानो आणि ऑर्केस्ट्राची रचना) १९५९ चा वॉर्सा फिलहार्मॉनिक ऑर्केस्ट्रासोबत आणि चायकोव्हस्कीचा पहिला १९६२ चा कंडक्टर कारायानसोबत.

मी घेतली ती एका गाण्यापायी. एरिक कारमेनच्या १९७५ च्या 'ऑल बाय मायसेल्फ'मधल्या कडव्याची चाल रॅखमॅनिनॉव्हच्या या कॉन्चेर्तोच्या दुसऱ्या भागातली आहे. कारमेनला वाटलं कॉपीराइट संपलाय, अमेरिकेत नव्हताही, पण बाहेरच्या देशांत होता, मग रॅखमॅनिनॉव्हच्या वारसांना रॉयल्टीतले १२ टक्के द्यायचं ठरलं.

तो भाग लावा आणि फक्त पियानोकडे लक्ष द्या. आधी तंतुवाद्यं अगदी हळू, मग पियानो एकटाच सुटे सूर टाकत राहतो आणि सम कुठेय तेच सापडत नाही, त्यावर बासरी सुरुवात करून देते आणि क्लॅरिनेट चाल पुढे नेतो, तिथे आपण गुणगुणायलाच लागतो! थोड्या वेळाने चाल पियानोकडे येते आणि पियानोचं काम क्लॅरिनेट करायला लागतो. गाण्यात चाल आली पण हे सम हरवणं नाही आलं, गायकाला धरायला ठेका लागतोच ना. म्हणून मी याला चोरी नाही म्हणत, गाणं स्वतःच्या पायावर उभंय, ध्रुवपद तर कारमेनचं स्वतःचंच आहे.

पहिल्या भागाच्या सुरुवातीचे घंटेसारखे कॉर्ड (एकदम वाजणारे सूर) रिख्तर फार सावकाश वाजवतो, काहींना ते जड वाटेल, मला नाही वाटलं.

चाल उसनी जाण्याचं म्हणाल तर चायकोव्हस्कीचंही तेच. त्याच्या सुरुवातीच्या भव्य चालीवरून फ्रेडी मार्टिनच्या बँडने १९४१ मध्ये 'टुनाइट वी लव्ह' केलं, आणि खुद्द चायकोव्हस्कीने पुढची एक चाल युक्रेनमधल्या आंधळ्या गायकांकडून ऐकून घेतलेली! म्हणजे ज्याच्याकडून उसनं गेलं त्यानेही उसनं घेतलेलंच.

रेकॉर्डिंग जुनं आहे, रॅखमॅनिनॉव्हमध्ये ऑर्केस्ट्रा पियानोच्या थोडा मागे वाटतो, म्हणून मोबाईलच्या स्पीकरवर नका ऐकू, हेडफोन लावा आणि आवाज जरा वाढवा, नाहीतर ती बासरी निसटते.