नऊ महिने प्लॅस्टिकचा ट्रॉम्बोन, आणि सोबतीला मेल्बा लिस्टन

आधी वाद्याबद्दल, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. टेनर ट्रॉम्बोन (बँडमधलं फुंकवाद्य, त्याची स्लाइड म्हणजे पुढेमागे सरकणारी लांब नळी), निळा, ऑनलाइन मागवला, साडेबारा हजारांना पडला. वजन किलोच्या आत. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, कारण खोकं उघडलं तेव्हा स्लाइडच्या टोकाचा रबरी बूच गायब होता आणि तो मिळवायला पाच आठवडे ईमेल करावे लागले. शेवटी सायकलवाल्याकडून मिळालेला रबराचा तुकडा बसवला, तो आजही आहे.

माझी उंची चार फूट अकरा इंच. हे इथे सांगायचं कारण असं, की ट्रॉम्बोनला बटणं नसतात. स्लाइड पुढे ढकलत जायचं, सात पोझिशन, प्रत्येक पोझिशन म्हणजे अर्धा स्वर खाली. पहिल्या आणि दुसऱ्या पोझिशनमध्ये जेमतेम आठ सेंटीमीटर, पुढे हे अंतर वाढत जातं, आणि सातवी येईपर्यंत हात पार संपतो. माझा तर सहाव्यालाच संपतो. आता खालचा बी नॅचरल साध्या टेनर ट्रॉम्बोनवर फक्त सातव्यालाच लागतो, त्याला दुसरा रस्ता नाही. एफ ट्रिगर (अंगठ्यानं दाबायची कळ, जी जादा नळी जोडते) असलेल्या महाग वाद्यावर तोच स्वर जवळ, दुसऱ्या पोझिशनला मिळतो. तेव्हा उंची कमी असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर ट्रिगरवालाच घ्या. मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

अमेरिकेतली जॅझ ट्रॉम्बोनवादक मेल्बा लिस्टन, तिलाही कोणी सांगितलं नसावं. १३ जानेवारी १९२६ चा तिचा जन्म, कॅन्सस सिटीचा. सात वर्षांची असताना तिच्या हातात ट्रॉम्बोन आला, तोही केवळ दिसायला सुंदर वाटला म्हणून तिनं हट्ट धरला होता. सात वर्षांच्या मुलीचा हात आणि सातवी पोझिशन, याचं गणित मी पट्टी घेऊन करून पाहिलं. जमत नाही. तरी ती बरंचसं स्वतःच शिकली, गिटार वाजवणारे आजोबा होते पाठीशी. १९३७ मध्ये घर लॉस एंजेलिसला गेलं आणि सोळाव्या वर्षी ती लिंकन थिएटरच्या वाद्यवृंदात पगारावर वाजवत होती. पुढच्या वर्षी जेराल्ड विल्सनच्या बिग बँडमध्ये, म्हणजे मोठ्या जॅझ वाद्यवृंदात.

तिचं नाव मला ट्रॉम्बोन घेण्याआधी माहीतही नव्हतं. सराव कोणाबरोबर करायचा म्हणून रेकॉर्डिंग शोधत होते, तेव्हा १९४७ चं सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डनचं 'मिस्चिव्हस लेडी' सापडलं. सॅक्सोफोनच्या शेजारी ट्रॉम्बोन, वाजवणारी एकवीस वर्षांची. मी ते अर्ध्या वेगानं लावून बसायचे, आणि अर्ध्या वेगातही मागे पडायचे.

वापराबद्दल. पहिले दोन महिने स्वर नव्हेच, म्हशीचं हंबरणं. ओठ फुरफुरवून आवाज काढायचा असतो, फुंकायचं नसतं, हे डोक्याला पटतं पण ओठांना पटत नाही. सोबत आलेला प्लॅस्टिकचा माउथपीस फेकून धातूचा घेतला, तेव्हा आवाजाला जरा धार आली. हा खर्च धरूनच चाला. प्लॅस्टिकच्या स्लाइडला तेल किंवा क्रीम लागत नाही, पाण्याचा फवारा पुरतो. केस कापायच्या दुकानात असते ती छोटी बाटली घ्या. पण धूळ बसली की स्लाइड खरखरते, आणि आमच्याकडे रस्त्याचं काम चालू आहे. दर रविवारी आंघोळीच्या बादलीत धुणं आलं. बाल्कनीत वाजवू नका. खालच्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, "पाइपलाइनचं काम काढलंय का?"

तिसऱ्या महिन्यात शिकवायला पोलीस बँडमधून निवृत्त झालेले सर भेटले. त्यांचं एक वाक्य आहे: "ट्रॉम्बोनवाल्याला चाल वाजवायला मिळत नाही, पण सगळ्यांची चाल त्याला पाठ असते." बँडमध्ये ट्रॉम्बोन मध्ये बसतो. वर ट्रम्पेट, खाली बेस, मधला भराव आपला. मग आठवू लागलं, जॅझचे किती अरेंजर (चालीवर कोणत्या वाद्यानं काय वाजवायचं ते लिहिणारे) मुळात ट्रॉम्बोनवाले: ग्लेन मिलर, नेल्सन रिडल, जे. जे. जॉन्सन, स्लाइड हॅम्प्टन, बॉब ब्रुकमायर. मेल्बा त्याच रांगेतली, फरक इतकाच की तिचं नाव त्या रांगेत कोणी घेत नाही.

विल्सनचा बँड १९४८ मध्ये मोडला आणि ती ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीकडे न्यूयॉर्कला आली. त्या बँडमध्ये जॉन कोल्ट्रेन होता, जॉन लुईस होता. पॉल गोन्साल्विसही होता, आणि नाव वाचून मी गोव्याचा म्हणून खूश झाले होते. पण घराणं निघालं केप व्हर्डेचं. गिलेस्पीच्या बँडमधला एक किस्सा ती स्वतः सांगत असे. बाई ट्रॉम्बोन वाजवायला आणली म्हणून पुरुष वादक कुरकुरत होते. गिलेस्पीनं तिनं लिहून आणलेली अरेंजमेंट त्यांच्यापुढे टाकली. वाजवायला घेतली तर चार पावलंही धड पडेनात. मग आवाज बदलले.

१९४९ मध्ये गायिका बिली हॉलिडेबरोबर अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांचा दौरा झाला. लोक आले नाहीत, पैसे मिळाले नाहीत, दौरा कोसळला, आणि मेल्बानं वाद्य खाली ठेवलं. लॉस एंजेलिसच्या शिक्षण मंडळात कारकुनी केली, हॉलिवूडमध्ये एक्स्ट्रा म्हणून उभी राहिली. 'द टेन कमांडमेंट्स'मधल्या गर्दीतही ती आहे. ट्रॉम्बोन येणाऱ्या बाईला पडद्यावर हार्प धरायला देत, कारण हार्प शोभून दिसते. ही गोष्ट वाचली तेव्हा पाचवा महिना होता आणि माझाही ट्रॉम्बोन तीन आठवडे कपाटावर पडून होता. माझं कारण अर्थातच फालतू होतं, ऑफिसचं ऑडिट. पण वाद्य उतरवलं ते त्या दिवशी.

परत बोलावलं ते गिलेस्पीनंच. १९५६ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्यानं त्याचा बँड दौऱ्यावर पाठवला: इराण, पाकिस्तान, लेबनॉन, सीरिया, तुर्कस्तान, युगोस्लाव्हिया, ग्रीस. कराचीला वाजवलं, ढाक्यालाही. या दौऱ्यात मेल्बा वाजवत होती आणि लिहितही होती. तिची 'माय रेव्हरी' ऐका. मूळ सूर फ्रेंच संगीतकार डेबुसीचा, पण ट्रॉम्बोन त्यात असा संथ उतरतो की आपल्याला मींड आठवावी. माझ्या निळ्या प्लॅस्टिकवर ती मींड येत नाही असं नाही, येते. फक्त कुठे थांबायचं ते कळत नाही. सारंगीसारखंच, पडदे नाहीत, कान हाच पडदा.

तिच्या स्वतःच्या नावाचा अल्बम एकच, 'मेल्बा लिस्टन अँड हर बोन्स'. डिसेंबर १९५८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये झालेलं रेकॉर्डिंग, सोबत बेनी ग्रीन, अल ग्रे, जिमी क्लीव्हलंड, स्लाइड हॅम्प्टन, फ्रँक रेहाक, बेनी पॉवेल. ट्रॉम्बोनच ट्रॉम्बोन. हा मी या नऊ महिन्यांत सर्वांत जास्त वापरला, वाद्यापेक्षाही जास्त. हेडफोन लावून एकेक आवाज वेगळा काढायचा: कोण चाल धरतंय, कोण खाली सावली धरतंय, कोण दोन मात्रा गप्प आहे. गप्प कधी बसायचं हे सुद्धा लिहिलेलं असतं, हे मला तिथे कळलं. सोलो ऐकायला आलेल्या माणसाला हा अल्बम कदाचित सपाट वाटेल. एका मित्राला वाटला.

आणि मग रँडी वेस्टन. ब्रुकलिनचा हा उंचापुरा पियानोवादक चाली सुचवायचा, त्यांना अंग मेल्बा द्यायची. 'लिटल नाइल्स' हा १९५८ चा अल्बम पूर्ण तीनच्या ठेक्यात. त्यावर सराव करा, पायाला वळण लागतं. १९६० मध्ये 'उहुरू आफ्रिका' (उहुरू म्हणजे स्वातंत्र्य): त्याच वर्षी आफ्रिकेतले १७ देश स्वतंत्र झाले होते, शब्द कवी लँग्स्टन ह्यूजचे, वाद्यवृंद भला मोठा, मॅक्स रोच आणि ओलातुंजी तालाला. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारनं या तबकडीवर बंदी घातली. कव्हरवर मोठं नाव वेस्टनचं. आपल्याकडे सॅबेस्टियन डिसूझांनी शंकर-जयकिशनच्या गाण्यांना जो साज दिला, त्याची आठवण इथे येतेच. गाणं गुणगुणणाऱ्याला अरेंजर कुठे ठाऊक असतो?

१९७३ ते १९७९ ती जमैकात शिकवत होती. १९८५ मध्ये पक्षाघात झाला, शरीराची एक बाजू गेली, ट्रॉम्बोन संपला. लिहिणं नाही संपलं. संगणकावर ती वेस्टनसाठी लिहीत राहिली, 'स्पिरिट्स ऑफ अवर अँसेस्टर्स' आणि 'व्होल्कॅनो ब्लूज' त्यानंतरचे आहेत. १९८७ मध्ये अमेरिकेचा जॅझ मास्टर्स सन्मान मिळाला, २३ एप्रिल १९९९ ला ती गेली.

वाद्याकडे परत. नऊ महिन्यांत बेलला, म्हणजे पुढच्या भोंग्याला, एक चीर, दाराला आपटून, माझ्याच हातून. आवाजात फरक नाही. पाणी काढायची कळ सातव्या महिन्यात गळू लागली, टेफ्लॉन टेप लावलीय. खालचे स्वर पोकळ लागतात, मोठ्यानं वाजवलं की प्लॅस्टिक असल्याचं ऐकू येतं. सर त्याला खेळणं म्हणतात, पण त्यांनीच पहिल्यांदा वाजवून दाखवला तेव्हा शेजारची मुलं दारात उभी राहिली होती.

दुसऱ्यांदा घ्यायचा झाला तर पितळेचा, ट्रिगरवाला, सेकंडहँड घेईन. तोपर्यंत त्याच अल्बममधल्या 'ब्लूज मेल्बा'च्या पहिल्या बारा बारमधला (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा तुकडा) दुसऱ्या ट्रॉम्बोनचा भाग बसवतेय. मधला बी फ्लॅट पहिल्या पोझिशनला लागतो आणि पाचव्यालाही. सरांचा आग्रह पाचव्याचा, माझा हात सवयीनं पहिल्याला जातो. आठव्या बारला अजून उशीर होतोय.