मल्टिबँड कॉम्प्रेसर: आठ महिन्यांनी चार बँडमधला एकच चालू राहिला

कोल्हापुरात शिवाजी पेठेत घराच्या माडीवर माझं रेकॉर्डिंगचं काम चालतं. पोवाडे, जोतिबाची गाणी, भजनी मंडळं, गणपतीच्या तोंडावर तालमींची गाणी. इतकी वर्षं साधा कॉम्प्रेसर आणि ईक्यू (आवाजातला खर्ज-तार भाग कमी-जास्त करायची सोय) यावरच भागत होतं. गेले आठ महिने मात्र रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधला रीएक्सकॉम्प हा मल्टिबँड कॉम्प्रेसरचा प्लगइन जवळपास रोज वापरतोय. मत पक्कं झालंय, म्हणून लिहितो.

ज्यांनी वापरला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉम्प्रेसर म्हणजे ठरवलेल्या पातळीच्या वर गेलेला आवाज दाबणारं साधन. साधा कॉम्प्रेसर सगळा आवाज एकत्र दाबतो, त्यामुळे मिक्सवर लावला तर डग्गा जोरात पडला की गाणाराही त्याच्याबरोबर खाली जातो. मल्टिबँड आधी फिल्टरने आवाजाचे खर्ज, मध्य, तार असे भाग, म्हणजे बँड, पाडतो. प्रत्येक भागाला थ्रेशोल्ड (कुठल्या पातळीपासून दाबायचं), रेशो (किती दाबायचं), अटॅक (किती लवकर दाबायचं), रिलीज (किती लवकर सोडायचं) वेगळे देता येतात आणि शेवटी सगळे भाग परत एकत्र होतात.

पहिले दोन महिने मी चारही बँड चालू ठेवून अख्ख्या मिक्सवर लावत होतो. आवाज एकदम भरल्यासारखा, मोठा वाटायचा आणि मी खूश. मग एका पोवाड्याचं मिक्स शाहिरांना ऐकवलं. सत्तरीतला माणूस, उभा जन्म फडावर गेलेला. दोन कडवी ऐकली आणि म्हणाले, “डब्यात तोंड घालून गायल्यागत वाटतंय रं. ह्यो माझा आवाज न्हाई.” त्या रात्री मी पहिल्यांदा मेकअप गेन (दाबल्यावर परत वाढवलेला आवाज) कमी करून, प्लगइन चालू आणि बंद असताना आवाजाची पातळी सारखी ठेवून तुलना केली. मोठेपणा काढून घेतल्यावर खरंच डबाच ऐकू आला. खर्ज, मध्य, तार हे सगळे आपापल्या जागी दाबून बसवले होते. शाहीर वर चढले की गळ्याचा रंगही बदलतो, तोच मी सपाट करून टाकला होता. शिवाय यूट्यूब आणि स्पॉटिफाय जास्त जोरात वाजणारी गाणी साधारण −१४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं माप) आसपास आणून ठेवतात, म्हणजे त्या ओढून आणलेल्या मोठेपणाचा तिथे उपयोगही नव्हता.

याच शाहिरांच्या आवाजाने मला या यंत्राचं खरं काम दाखवलं. हातात डफ असल्यामुळे ते एका जागी उभे राहत नाहीत. “जी जी” ला मागे सरतात, ओळ सोडताना माइकवर झुकतात. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणाऱ्या) माइकच्या जवळ तोंड गेलं की खालचा आवाज फुगतो; माझ्या माइकवर तो फुगवटा १२० ते ३०० हर्ट्झमध्ये येतो. ईक्यूने तो कायमचा कापला तर मागे सरल्यावर आवाज पातळ होतो. इथे मी एकच बँड चालू ठेवला, बाकीचे तीन १:१ वर, म्हणजे काहीच न दाबणारे. रेशो २.५:१, अटॅक २० मिलिसेकंद, रिलीज १५० च्या आसपास, थ्रेशोल्ड असा की झुकल्यावरच ३-४ डेसिबल दाबेल आणि एरवी काटा हलणारच नाही. आठ महिन्यांत या एका कामासाठी मी याला शंभर टक्के मार्क देतो. दुसऱ्या कुठल्या मार्गाने हे इतकं सहज जमलं नव्हतं, हातानं व्हॉल्यूमच्या रेषा ओढत बसूनसुद्धा.

आता डग्गा. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. एका भजनात तबलजी मनगट सरकवून सुंदर मींड काढत होता. सूर साधारण ९० हर्ट्झवरून १४० पर्यंत चढायचा. माझा क्रॉसओव्हर, म्हणजे दोन बँडमधली हद्द, होता १२० वर. म्हणजे मींड एका बँडमध्ये सुरू होऊन दुसऱ्यात संपायची. खाली दाबलेला सूर १२० ओलांडला की एकदम सुटायचा आणि मधेच पायरी लागल्यासारखी वाटायची. दोन संध्याकाळी मी माइकला आणि खोलीला दोष देत बसलो होतो. शेवटी बँड सोलो करून, म्हणजे एकटाच, ऐकला तेव्हा मींड अर्ध्यात तुटलेली स्पष्ट ऐकू आली. क्रॉसओव्हर २०० वर नेला, सगळी मींड एका बँडमध्ये आली आणि घुमारा परत मिळाला. त्यानंतर मी क्रॉसओव्हर कधीच प्रीसेटच्या (आधीच भरून दिलेल्या) आकड्यावर सोडत नाही. वाद्याचा सूर कुठून कुठे जातो ते आधी ऐकतो.

खालच्या बँडचा अटॅकही जपून ठेवावा. ८० हर्ट्झची एक लहर पूर्ण व्हायला १२.५ मिलिसेकंद लागतात. अटॅक आणि रिलीज दोन्ही त्याहून जलद ठेवले तर कॉम्प्रेसर ठोक्याऐवजी लहरीचाच आकार बदलू लागतो आणि डग्गा खरखरतो. डग्ग्यावर मी अटॅक ३० मिलिसेकंदांच्या खाली नेत नाही.

हलगीवर मात्र जमलं नाही. जोतिबाच्या गाण्यात हलगी, घुमकं आणि सनई एकाच खोलीत वाजवून घेतली होती. वरच्या बँडला हलगीची कडकड लागली की प्रत्येक ठोक्याला सनईची धार आणि गाणाऱ्याचे स, श बोथट व्हायचे. मिक्सवर लावून हे सुटत नाही. हलगीवाल्याला दोन पावलं मागे, कोपऱ्यात उभं केलं आणि परत घेतलं, तेव्हा सुटलं.

एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. नुसते भाग पाडल्यानेही आवाजाची फेज, म्हणजे लहरींची वेळेतली जागा, बदलते, बँड काहीही दाबत नसले तरी. सीगफ्रीड लिंकविट्झ यांनी १९७६ मध्ये स्पीकरसाठी मांडलेली क्रॉसओव्हरची रचना आजही अशा प्लगइनमध्ये खूप वापरतात. तिच्यात दोन्ही भागांची बेरीज पातळीला सपाट येते, पण फेज फिरलेली असते. त्यामुळे तबल्याच्या दोन माइकपैकी एकावरच मल्टिबँड लावला तर दुसऱ्याशी जमत नाही, आवाज पोकळ होतो. दोन्ही एकत्र ग्रुपवर घेऊन लावा. लिनिअर फेजचा पर्याय एका महागड्या प्लगइनच्या डेमोमध्ये वापरून पाहिला. फेज जागेवर राहते, पण तबल्याच्या चाटेआधी किंचित श्वास घेतल्यासारखा आवाज येतो आणि उशीरही होतो. तबल्या-ढोलकीवर मला ते अजिबात चालत नाही.

विकत काही घेण्याआधी रीपरची ६० दिवसांची चाचणी घ्या, त्यात रीएक्सकॉम्प येतोच. विंडोजवर दुसरं सॉफ्टवेअर वापरत असाल तर तो रीप्लग्स या प्लगइनच्या संचात फुकट मिळतो. भाग कुठे पडतोय, किती दाबलं जातंय हे मोठ्या चित्रात बघायची गरज वाटली तरच पैसे घाला. मी अजून घातलेले नाहीत. शाहिरांचा तो पोवाडा एका बँडवर नव्याने मिक्स केलाय, रविवारी त्यांना बोलावलंय ऐकायला.