"अभिनंदन, तुमचा पेपर स्वीकारला आहे, कृपया फी भरा": भाषाविज्ञान आणि एआयच्या बोगस कॉन्फरन्सचा अनुभव

भाषाविज्ञान, चॅटबॉट, व्हॉइस असिस्टंट, माणूस आणि यंत्र यांच्यातला संवाद असल्या विषयांवर जे काम करतायत, आणि त्यातही जे पीएचडीला आहेत आणि "एक तरी इंटरनॅशनल कॉन्फरन्स पाहिजे" म्हणून गाइडने ज्यांच्यामागे तगादा लावलाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. पैसे गेले ते गेलेच, पण खरी डोकेदुखी झाली ती पेपरची, आणि ती बाजू आधी कोणी सांगत नाही.

सुरुवात मेलने झाली. त्यात माझ्या एका जुन्या लेखाचं शीर्षक अगदी बरोबर होतं आणि "आपल्या मौलिक संशोधनाने आमची समिती प्रभावित झाली आहे" वगैरे. कॉन्फरन्सच्या नावात लिंग्विस्टिक्स, एआय आणि ह्युमन-मशीन कम्युनिकेशन तिन्ही कोंबलेले, वर "जागतिक" आणि "आंतरराष्ट्रीय" दोन्ही (एकाने भागलं नसतं बहुतेक). आता कोणी म्हणेल बघायचं ना नीट. बघितलं होतं की! साइट व्यवस्थित, कमिटीत ओळखीची नावं, कीनोटला, म्हणजे मुख्य भाषणाला, ज्यांचे पेपर मी स्वतः संदर्भात देते त्या बाई, आयएसबीएन दिलेला, पेपर पाठवायला ईझीचेअर, जे चांगल्या कॉन्फरन्सही वापरतात. यातल्या एकाही गोष्टीने काही सिद्ध होत नाही हे आता माहितीय. ईझीचेअरवर कोणीही कॉन्फरन्स उघडू शकतं, आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा नुसता नंबर, त्याचा दर्जाशी काही संबंध नाही, आणि कमिटीतली नावं काय, कुठूनही उचलून टाकता येतात.

आपल्या विषयात हे लोक इतके का माजलेत याचं कारण मला नंतर कळलं. कॉम्प्युटरवाल्यांकडे कॉन्फरन्स हेच प्रकाशन. एसीएल, सीएचआय, इंटरस्पीच या तिकडच्या नावाजलेल्या कॉन्फरन्सना पूर्ण पेपर द्यावा लागतो, तो दोन-तीन जण वाचतात, निकालाला काही महिने लागतात, आणि बऱ्याच चांगल्या कामाला नकार येतो. तिथे पेपर लागला म्हणजे जर्नलइतकाच मान. आपल्याकडे, म्हणजे भाषाविज्ञानात, उलटं. बहुतेक ठिकाणी एक-दोन पानांचा सारांश, म्हणजे अ‍ॅबस्ट्रॅक्ट द्यायचा, बोलून यायचं, लोकांचं ऐकायचं आणि मग नीट लेख करून जर्नलला पाठवायचा. आता भाषेचा माणूस जेव्हा एआयच्या बाजूला जातो तेव्हा त्याला तिकडच्या रीती माहीत नसतात, तिकडच्याला इकडच्या नसतात, आणि बोगसवाले नेमके या फटीत बसलेत. अ‍ॅबस्ट्रॅक्टवर लगेच होकार, कारण "लिंग्विस्टिक्समध्ये असंच असतं", आणि वर पूर्ण पेपर प्रोसिडिंग्जमध्ये, म्हणजे कॉन्फरन्सच्या पेपरसंग्रहात, छापणार, कारण "कॉम्प्युटरमध्ये असंच असतं". दोन्हीकडचं सोयीचं तेवढं घेतलं, मधला रिव्ह्यू, म्हणजे जाणकारांनी पेपर वाचून तपासणं, गायब.

माझा पेपर बोलण्यातल्या पाळीवर होता. माणसं एकमेकांशी बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण 200 मिलिसेकंद लागतात, 2009 मध्ये 10 भाषांवर झालेल्या एका अभ्यासात थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच दिसलं. व्हॉइस असिस्टंट मात्र आपण गप्प झालो की संपलं का अजून बोलणारे याचा अंदाज घेत थांबतो, आणि मग माणूस तेच वाक्य पुन्हा म्हणतो, मग दोघं एकदम बोलतात, असा सगळा गोंधळ. मी रेकॉर्डिंग घेऊन ओळीओळीने लिहून काढलं होतं, पॉज मोजून, श्वास सुद्धा नोंदवून. कुठलंही मॉडेल ट्रेन केलेलं नव्हतं, तसा दावाही नव्हता.

स्वीकारल्याचं पत्र दुसऱ्याच दिवशी आलं, फीची लिंक आणि "अर्ली बर्ड सवलत उद्या संपतेय" सकट. रिव्ह्यू कुठायत विचारलं तर रजिस्ट्रेशननंतर मिळतील म्हणे. इथे प्रवासाच्या अनुदानाला पावती लागणार होती, त्याची तारीख डोक्यावर, फी भरली. मग रिव्ह्यू आले. पहिला: "पेपर चांगला आहे, इंग्रजी सुधारा, अलीकडचे संदर्भ वाढवा." दुसरा: "मॉडेलची अ‍ॅक्युरसी किती टक्के ते टेबलमध्ये द्यावे, ट्रेनिंग डेटाचा आकार लिहावा." मी परत वाचलं, की दुसऱ्या कोणाचा रिव्ह्यू मला आला की काय. लिहून विचारलं, तर उत्तर आलं की आमचे रिव्ह्यूअर बहुविद्याशाखीय आहेत. घ्या!

नंतर हॉटेल बदललं, मग शहर बदललं, मग "सर्वांच्या सोयीसाठी" सगळंच ऑनलाइन झालं, फी मात्र तीच. कार्यक्रमपत्रिका आली त्यात माझ्या आधी दातांच्या इम्प्लांटवर एक जण आणि माझ्यानंतर मातीच्या आम्लतेवर एक बाई. त्याच मीटिंगच्या लिंकवर, त्याच वेळी, दुसऱ्या दोन-तीन नावांच्या कॉन्फरन्स चालू होत्या असं पुढे कळलं. श्रोते म्हणजे आपापल्या नंबरची वाट बघणारे आम्हीच. कीनोट तांत्रिक अडचणीमुळे रद्द. आणि मी रेकॉर्डिंग ऐकवत होते, दुसरी स्लाइडही संपली नव्हती, तेवढ्यात कोपऱ्यात मेलची नोटिफिकेशन आली: "उत्कृष्ट सादरीकरण" प्रमाणपत्र. दातवाल्यालाही तेच मिळालं, मातीवाल्या बाईंना तर बोलायच्या आधी.

कीनोटच्या बाईंना मी नंतर थेट त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर लिहिलं. त्यांनी या कॉन्फरन्सचं नावच पहिल्यांदा ऐकलं होतं, फोटो विद्यापीठाच्या पानावरून उचललेला.

इथपर्यंत काय, तोंडाला पानं पुसली म्हणून गप्प बसले असते. पण पेपर मागे घेते म्हटल्यावर खरा खेळ सुरू झाला. त्यांनी तो आधीच साइटवर चढवला होता. काढायचा असेल तर विथड्रॉवल फी, ती रजिस्ट्रेशनपेक्षा जास्त. रजिस्ट्रेशनच्या फॉर्ममध्येच कॉपीराइट दिल्याचा चौकोन होता, त्यावर टिक केल्याशिवाय फॉर्म पुढे जात नव्हता. आता तोच लेख चांगल्या जर्नलला पाठवला तर ते तपासणी सॉफ्टवेअरमध्ये टाकणार आणि हा तर आधीच छापलाय म्हणून परत करणार. म्हणजे केलेलं काम त्यांच्याकडे ओलीस. ती दुसरी फी मी भरली नाही, कोणीही भरू नका, भरून पेपर निघेलच याची काही खात्री नाही. जर्नलच्या संपादकांना आधीच सगळं खरं लिहिलं, मेल, तारखा, तो अ‍ॅक्युरसीवाला रिव्ह्यू, सगळं जोडून. त्यांनी पत्रव्यवहार ठेवून घेतलाय, निर्णय अजून नाही.

हा प्रकार नवा नाहीये. 2005 मध्ये एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी सायजेन नावाचा प्रोग्रॅम लिहिला, तो अर्थशून्य पेपर तयार करायचा, आणि त्यातला एक पेपर एका कॉन्फरन्सने रिव्ह्यूशिवायच घेतला. 2014 मध्ये सिरिल लाबे या फ्रेंच संशोधकाने असेच यंत्राने केलेले पेपर शोधून काढले आणि स्प्रिंगर आणि आयईईई या मोठ्या प्रकाशकांना 120 हून जास्त पेपर काढावे लागले, बहुतेक कॉन्फरन्सच्या प्रोसिडिंग्जमधलेच. त्यामुळे "प्रकाशक मोठा आहे" एवढ्यावरही विसंबू नका. सगळ्यात भारी 2016 ची गोष्ट. क्रिस्टोफ बार्टनेक, न्यूझीलंडमधले, माणूस आणि रोबो यांच्या संवादावर काम करणारे, म्हणजे आपल्याच गल्लीतले. त्यांना अणुभौतिकीच्या कॉन्फरन्सचं आमंत्रण आलं, तर त्यांनी फोनचं ऑटोकम्प्लीट जे शब्द सुचवेल ते दाबत दाबत अ‍ॅबस्ट्रॅक्ट लिहिला आणि पाठवला. तीन तासांत स्वीकारला! यंत्राने लिहिलं, वाचलं कोणीच नाही, ह्युमन-मशीन कम्युनिकेशनचा यापेक्षा चांगला नमुना मला तरी माहीत नाही.

नावाच्या चलाखीचं पण सांगते. 2013 मध्ये कीटकशास्त्रात एक खरी कॉन्फरन्स आणि एक तशाच नावाची अशा दोन होत्या, नावांत फरक फक्त एका छोट्या आडव्या रेघेचा, आणि चांगले चांगले शास्त्रज्ञ चुकीच्या ठिकाणी बोलायला तयार झाले. लोकांची नावं न विचारता लावणं तर नेहमीचंच. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2016 मध्ये जर्नल आणि कॉन्फरन्स चालवणाऱ्या एका मोठ्या समूहावर केस केली, त्यात हाही आरोप होता, आणि 2019 मध्ये कोर्टाने 5 कोटी डॉलरच्या वर रक्कम भरायला सांगितली. तरी दुकानं चालूच आहेत.

आता मी काय बघते ते. एक तर गेल्या वर्षीचे पेपर उघडून वाचते, नुसतं यादी बघणं नाही, दोन पेपर खरंच वाचायचे. संगणकीय भाषाविज्ञानातल्या मुख्य कॉन्फरन्सचे पेपर एसीएल अँथॉलॉजी या साइटवर फुकट आहेत, त्यामुळे खरं काय दिसतं हे कळायला अडचण नाही. कमिटीतल्या दोघांना त्यांच्या संस्थेच्या पत्त्यावर एक ओळ लिहायची, साइटवर दिलेल्या पत्त्यावर नाही. "इंडेक्सिंगसाठी (म्हणजे संशोधनाच्या सूचीत नोंदीसाठी) पाठवले जाईल" या वाक्याला शून्य किंमत, पाठवायला काय, कोणीही पाठवतं. प्रोसिडिंग्ज अमुक प्रकाशक काढणार म्हणत असतील तर प्रकाशकालाच विचारा. कॉन्फरन्स खरी का ते तपासायला "थिंक चेक अटेंड" नावाची एक प्रश्नावली आहे ऑनलाइन, तीही बरी आहे. आणि एकाच आयोजकाच्या साइटवर भाषाविज्ञान, दंतवैद्यक आणि मृदाशास्त्र एकाच तारखेला दिसलं की टॅब बंद करा, पुढे वाचूच नका.

ज्यांनी आधीच फी भरलीय त्यांनी थांबू नका. कार्डने भरली असेल तर बँकेकडे डिस्प्यूट, म्हणजे त्या व्यवहारावर हरकत, टाकता येतो, त्याला मुदत असते, म्हणून आधी ते. मी जागा बदलल्याचे मेल, जाहिरातीचं पान आणि कीनोटच्या बाईंचं उत्तर जोडून टाकलाय. थेट बँक ट्रान्सफर केलेल्यांचं अवघड आहे, आणि हे लोक "कार्डची लिंक सध्या बंद आहे, ट्रान्सफर करा" असं म्हणतात ते उगाच नाही. साइटची पानं आजच सेव्ह करून ठेवा, माझ्या कॉन्फरन्सची साइट कार्यक्रम संपल्यावर महिनाभरात बदलली, आता तिथे दुसरं नाव आहे, पुढच्या वर्षाची तारीख आहे आणि कीनोटला परत त्याच बाईंचा फोटो आहे. त्यांना कळवलंय मी.