विहिरीची पातळी सांगणारी बझरची टेप: गावात एक असावीच

१०० मीटरची खुणा केलेली टेप, टोकाला प्रोब (पाणी ओळखणारं धातूचं टोक), रिळात ९ व्होल्टचा सेल. प्रोब पाण्याला टेकला की सर्किट पूर्ण होतं आणि बझर वाजतो. धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) दोन बाजूंच्या विहिरी बहुतेक एकाच भूजलावर असतात. 'तुझ्या बोअरनं माझी आटवली' या भांडणात दोरीला दगड बांधून काढलेलं माप कोणी मानत नाही, या टेपचं मानतात.

पंप रात्रभर बंद ठेवून सकाळी मोजा. विहिरीच्या तोंडीवर (काठावर) रंगाची खूण करा, दरवेळी तिथूनच टेप सोडा. बझर वाजला की वीतभर वर ओढून परत हळू सोडा. दुसऱ्यांदा वाजेल तो आकडा खरा. त्यातून तोंडीची जमिनीपासूनची उंची वजा करा.

खोड्या आहेत. बोअरच्या ओल्या केसिंगला (आतल्या पाइपला) प्रोब घासला की खोटाच वाजतो. तेव्हा बझरची सेन्सिटिव्हिटी कमी करा. विदर्भातल्या पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात प्रोबवर क्षार बसतो, गोड्या पाण्यानं धुवा. सबमर्सिबलच्या केबलीत टेप अडकली तर हिसका देऊ नका. त्यापेक्षा बोअरमध्ये पाऊण इंची पाइप आधीच सोडून ठेवा, टेप त्यातूनच उतरवा.

मोजून पाणी वाटता येतं: स्वित्झर्लंडच्या जिनिव्हानं शेजारच्या फ्रेंच ओत-साव्वा प्रांतासोबत सीमेखालच्या भूजलाचा करार १९७८ सालीच केला. उपसा मीटरवर मोजायचा, आर्व नदीच्या पाण्यानं पुनर्भरण करायचं. आपल्याकडं भावाभावांतसुद्धा मीटर बसत नाही!

वैयक्तिक घेणं महाग पडेल; ग्रामपंचायतीनं एक घ्यावी. वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवा, रिळातच पाझरला तर पट्ट्या गंजतात.