थायलंडमध्ये व्हीगन जेवण: गुगल ट्रान्सलेट कुठे चालतं, कुठे अडतं

पाकिटं वाचायला पाचपैकी चार, रस्त्यावरच्या गाडीवर पाचपैकी दोन. थायलंडमधल्या व्हीगन खाण्यासाठी गुगल ट्रान्सलेटला आमचे गुण असे आहेत.

गाडीवर अडतं ते ‘मी व्हीगन आहे’ एवढंच लिहून फोन पुढे केला की. नव्या कॅफेत ते कळतं, वोक परतणाऱ्या काकूंना कळेलच असं नाही. ‘शाकाहारी’ लिहिलं तर अंडं आणि दूध चालतं असा अर्थ निघतो. तिथला रुळलेला शब्द ‘जे’. हे चिनी बौद्ध परंपरेतलं जेवण: मांस, मासे, अंडी, दूध वर्ज्य, कांदा-लसूणही वर्ज्य. जैन खाणाऱ्यांनी मात्र बटाटा आणि मुळा विचारून घ्यावा. ‘किन जे’ म्हणजे ‘जे प्रकारचं जेवण खातो’; पुढे आदरासाठी पुरुषांनी ‘ख्राप’, बायकांनी ‘खा’ जोडायचं. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात हा शब्द असतो आणि तो इंग्रजी आकड्यातल्या सतरासारखा दिसतो. ती पाटी दिसली की अ‍ॅप खिशात ठेवा, भांड्यांकडे बोट दाखवा, भातावर दोन भाज्या वाढून मिळतात. अशी बरीच दुकानं दुपारीच आवरतात, म्हणून बाराच्या आत पोचावं.

पाटी नसेल तर अ‍ॅपमध्ये छोटी, सुटी वाक्यं लिहा: फिश सॉस नको, सुक्या कोळंबी नकोत, ऑयस्टर सॉस नको, अंडं नको. प्रत्येकाचं उलट भाषांतर करून तपासा, तारांकित करून ठेवा आणि दुकानदाराला पूर्ण स्क्रीनवर मोठ्या अक्षरात दाखवा. थाई भाषेचा ऑफलाइन पॅक घरूनच उतरवून घ्या. बोलायचंच असेल तर मराठी जिभेला एक फायदा आहे: ‘काय’ म्हणजे कोंबडी, ‘खाय’ म्हणजे अंडं. क आणि ख नीट वेगळे काढा. थाईत शब्दाच्या सुरानेही अर्थ बदलतो आणि तो सूर चुकू शकतो, म्हणून लिहिलेलंही दाखवाच.

तरी काही पदार्थांत सांगून उपयोग नसतो. ग्रीन करीच्या वाटणात कापि, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा लगदा, बहुतेकदा आधीच कुटलेला असतो. तो नंतर काढणार कसा? फाट थाय, म्हणजे परतलेल्या तांदळाच्या नूडल्स, यांचा सॉसही अनेक ठिकाणी फिश सॉस घालून तयार ठेवलेला असतो. सोम ताम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, समोर कुटतात, त्यामुळे सुकी कोळंबी आणि फिश सॉस वगळता येतो. खलबत्ता मात्र तोच असतो. ते चालत नसेल तर पपईही सोडा.

पाकिटावर कॅमेरा खरा कामाचा. पाकीट दोन्ही हातांनी ताणून सपाट करा, चमक टाळा आणि फोटो काढून वाचा. हलत्या चित्रात अक्षरं उड्या मारतात. अ‍ॅलर्जीच्या ओळीत अंडं, दूध, मासे, कोळंबी-खेकडे सापडतात, पण कोंबडी आणि डुक्कर त्या यादीत येत नाहीत. नूडल्स आणि चिप्सच्या मसाल्यात अनेकदा त्यांचीच पावडर असते, म्हणून घटकांची यादी शेवटपर्यंत वाचायची. ‘आहे’ आणि ‘असू शकतं’ यांतला फरकही बघा. दुसरं बहुधा त्याच कारखान्यातल्या इतर मालाबद्दल असतं. पाकिटावर ‘जे’ची खूण असेल तर ही सगळी यातायात वाचते.